माळ्यावरचा डबा आणि असईची लढाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तांसाठी छंदांची यादी आली होती. बागकाम, सुडोकू, हास्य क्लब, भजनी मंडळ. यादी बरी आहे, पण त्यातले सगळे छंद नव्याने सुरू करायचे. माझ्यासारख्याकडे पंचवीस वर्षांपूर्वी सुरू करून टाकून दिलेलाच एक पडून असतो, त्याचं काय? म्हणून हे पत्र.

मी वाळूजला टूलरूममध्ये नोकरी केली. १९९९ साली कंपनीने सहा महिने इंग्लंडला, नॉटिंगहॅमला धाडलं होतं. टेबलावर लढाया खेळणाऱ्यांची ती पंढरीच. राक्षस आणि अंतराळातले शिपाई असलेला, जगभर खपणारा वॉरहॅमर तिथलाच. मला राक्षसांत रस नव्हता, पण एका बोळातल्या दुकानात इतिहासातल्या लढायांचे शिपाई मिळत. मिश्रधातूचे, २८ मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे. रंग आपण द्यायचा, टेबलावर नद्या-टेकड्या मांडायच्या आणि फासे टाकून लढायचं.

दुकानदाराने विचारलं, कुठले तुम्ही? औरंगाबाद म्हणताच म्हातारा खुलला. "म्हणजे असईजवळचे!" त्याने काउंटरवर पट्टी ठेवली, ही केळणा नदी. पेन ठेवलं, ही जुई. मधल्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ची सगळी लढाई त्याने मला मांडून दाखवली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा. नदीला उतार कुठे ते वाटाड्यांना सांगता येईना. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मधे उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि फौज पाण्यात घातली. मी मान डोलावत होतो. असई आमच्याकडून एसटीने सकाळी निघालं तर जेवणापर्यंत पोचावी इतकी जवळ, आणि मी तिथे कधी फिरकलोही नव्हतो. त्या शरमेपोटी दोन डबे घेतले. एकात कंपनी सरकारची फौज, दुसऱ्यात शिंद्यांची. मिळून ९६ शिपाई आणि ६ तोफा.

इंग्रजांचा डबा दोन पावसाळ्यांत रंगवून झाला. त्यांचं सगळं पुस्तकात तयार असतं. ७४व्या पलटणीच्या कॉलर-बाह्यांच्या पट्ट्या पांढऱ्या, ७८वीच्या फिकट पिवळसर. नोंद बघायची नि ब्रश चालवायचा. शिंद्यांचा डबा मात्र उघडला आणि पुन्हा बंद केला. घरी सांगायचो, शिफ्टमुळे वेळ मिळत नाही. खरं कारण वेगळं होतं. मराठे म्हटल्यावर ढाल-तलवारीचे मावळे निघतील, अशी माझी कल्पना. निघाले ते खांद्यावर बंदूक टाकून रांगेत चालणारे, पट्टे आवळलेले कवायती शिपाई. हे कसले मराठे, असं वाटलं. डबा माळ्यावर गेला. मग मुलीचा जन्म, घराचे हप्ते, सासूबाईंचं आजारपण. तो तिथेच राहिला.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो हिच्या हाती लागला. "हे शिसं भंगारात घालू का?" एवढंच तिने विचारलं. मग मात्र मी चष्मा लावून बसलो.

एनॅमलच्या डब्या दगड झाल्या होत्या, त्या फेकल्या. शिपाई काळवंडलेले. भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासले, साच्याच्या रेघा सुईकानशीने काढल्या. (जुन्या मिश्रधातूत शिसं असतं. कानस मारताना मास्क लावावा आणि हात धुतल्याशिवाय चहाला बसू नये.) पातळ राखाडी प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणून दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून काम करतो. बारीक कामाला मुलीचा नखांवर नक्षी काढायचा ब्रश पळवला आहे. बटणं रंगवताना श्वास धरावा लागतो. एकेका डगल्याला सात ठिपके.

या वेळी रंगांआधी थोडं वाचन केलं. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून ही कवायती फौज उभी करवली. असईला दहा हजारांवर पायदळ होतं आणि त्याचा मुख्य सेनापती पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. अशा फौजेला 'कंपू' म्हणत. आज आपण ऑफिसातल्या टोळक्याला म्हणतो तोच शब्द. त्यांचे डगलेही लालच. शेजारची चौथीतली मुलगी रोज येऊन बसते. तिने दोन्ही रांगा बघून विचारलं, "आजोबा, यातले आपले कुठले?" मी शिंद्यांची रांग दाखवली. मग वाटलं, हिला काय सांगावं? या रांगेत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई नि हॅनोव्हरचा साहेब. त्या रांगेत स्कॉटलंडच्या जोडीला मद्रासच्या पलटणी. "तोफांपाशी उभे आहेत ते आपले," असं सांगून मी वेळ मारून नेली.

पण ते फार खोटं नव्हतं. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेली तेव्हा काही जण तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले, आणि रांग पुढे जाताच उठून त्याच तोफा त्यांनी तिच्या पाठीवर रोखल्या. ७४व्या पलटणीची त्या दिवशी धूळधाण झाली. लढाई वेलस्लीने जिंकली आणि ९८ तोफा नेल्या. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवूनही, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं की तो असईचं नाव घेत असे.

म्हणून मी एक गोलंदाज डब्यात होता तसा ठेवला नाही. गुडघ्यापाशी करवतीने अर्धा काप घेतला, पकडीने हळूच पाय दुमडला, भेगेत पुट्टी भरली आणि त्याला तोफेच्या चाकांमधे आडवा निजवला. एक डोळा मिटलेला, एक किलकिला. तो किलकिला डोळा काढायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

जानेवारीत एकटाच असईला जाऊन आलो. केळणेत घोट्याएवढं पाणी होतं. शेताच्या बांधावरची मूठभर काळी माती पिशवीत घातली, घरी चाळली आणि फेव्हिकॉल लावून सगळ्यांच्या पायाखाली टाकली. लढाई पावसाळ्याच्या शेवटी झाली, म्हणून वर थोडं हिरवं गवत. परवा शेवटच्या तोफेला वार्निश लावलं. फळी सध्या फ्रिजवर आहे. दुसरीकडे जागा नाही.

सोबत फोटो पाठवत आहे. छापलात तर आनंदच. उजवीकडून तिसऱ्या गोलंदाजाच्या मिशा फार जाड झाल्या आहेत, हे मला दिसतंय. वाचकांनी मुद्दाम कळवू नये.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
छत्रपती संभाजीनगर