परसातल्या कोंबड्या आणि घरातली माणसे

चि. सौ. नंदिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

गुहागरच्या घरी मागीलदारी गावठी कोंबड्या पाळायला घेतल्याचे तुझ्या पत्रातून कळले, फार समाधान वाटले. दाण्यापाण्याविषयी तू विचारले आहेस, पण ते तुझ्या सासूबाईंना माझ्याहून अधिक ठाऊक असणार. पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीत घरोघरची खुराडी पाहिल्यावर मला सांगावेसे वाटते ते स्वच्छतेविषयी. घरात लहान मूल आणि वृद्ध माणूस असताना ते आताच सांगणे मला आवश्यक वाटते.

धडधाकट, रोज अंडे देणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला किंवा कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, हे आधी ध्यानात घे. तिला त्यांचा त्रास होत नाही. परंतु विष्ठेतून ते पिसांवर, अंड्याच्या कवचावर आणि अंगणाच्या मातीत येतात, आणि हातावाटे तोंडात गेले की माणसाला जुलाब, ताप व पोटात मुरडा सुरू होतो. मोठी माणसे बहुधा आठवड्याभरात सावरतात, मात्र पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना तोच आजार रुग्णालयात नेऊ शकतो. म्हणून आपल्या छकुलीने पिल्लू गालाला लावू नये, आणि तिने कोंबडीला हात लावला की निदान वीस सेकंद साबण चोळून तिचे हात तू स्वतः धुवावेस. खुराड्याची चप्पल वेगळी ठेव आणि ती मागच्या पायरीच्या वर येऊ देऊ नकोस. कोंबड्यांची पाण्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुणे तर कटाक्षाने टाळ.

अंडी दिवसातून दोनदा गोळा कर. माखलेले अंडे थंड पाण्याने धुतले तर कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण आत ओढली जाते, त्यामुळे ते कोरड्या फडक्याने पुसून आधी वापर. आजारातून उठलेल्या माणसाला दुधातून कच्चे अंडे देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती प्रेमापोटी असली तरी मला मुळीच मान्य नाही. पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजलेच पाहिजे.

पावसाळ्यात खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असू दे, तळाशी भाताचे तूस पसर आणि ते ओले झाले की लगेच बदल, कारण ओलाव्यात रक्ती हगवण बळावते. जागा विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूला निवड. काढलेले तूस कुजू दे. ताजी विष्ठा माठाच्या वाफ्यात टाकू नकोस.

राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, माणसाला फारशी बाधत नाही, पण वाडीतल्या कोंबड्या चार दिवसांत संपवते. पिल्लाच्या वयाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी लशीची सुई, एवढे चुकवू नकोस. एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते, त्यामुळे शेजारणींना बरोबर घेऊन एकाच सकाळी, कोंबड्या सोडण्यापूर्वी, लसीकरण उरकावे. आठवडा बाजारातून किंवा राखणीसाठी, म्हणजे देवाला द्यायला, आणलेला कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळा झाकावा.

माझी खरी काळजी पुढे आहे. कोंबडी पेंगू लागली की ती मरण्याआधी कापून टाकायची, ही सवय आपल्या कोकणात घरोघर आहे. रस्सा नीट उकळला तर बर्ड फ्लूचा विषाणू त्यात टिकत नाही, कारण ७० अंश सेल्सिअसला तो मरतो. परंतु कापताना, पिसे काढताना आणि आतडी साफ करताना तो कापणाऱ्याच्या हातातोंडाशी येतो, आणि हे काम बहुधा घरातल्या बाईकडेच असते. हा आजार दूरचा समजू नकोस. २००६ मध्ये देशात तो प्रथम नवापूरला आढळला, जानेवारी २०२१ मध्ये दापोलीचे नाव त्यात आले, आणि २०२५ च्या आरंभी उरण तालुक्यातील चिरनेरला घरगुती कोंबड्याच दगावल्या. अंगणात कावळे मरून पडू लागले, किंवा एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळसर पडले, तर कशालाही हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. मेलेली कोंबडी खाडीत किंवा गडग्यापलीकडे फेकणे म्हणजे तो रोग कुत्र्या-कावळ्यांच्या हवाली करणे होय. कळवले तर आपल्या कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प राहतात. त्यांचे दुःख मला समजते, पण लागण ठरली तर सरकार मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देते, आणि गप्प राहिल्याने शेजाऱ्याचे खुराडेही जाते.

घरात कुणाला ताप किंवा जुलाब झाले, तर घरी कोंबड्या आहेत हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांग. पिल्ले कोणत्या तारखेला निघाली ते उलट पत्री कळव, म्हणजे लशीचे दिवस मी मांडून पाठवीन. जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार, छकुलीला गोड पापा.

तुझे,
बाबा