घराच्या पायातल्या सांध्याकडे कुणी पाहायचं?

महोदय,

घराचा पाया एका दमात ओतला नाही की काम कच्चं, असा समज घर बांधणाऱ्यांमध्ये पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. आधी फुटिंग (खांबाखालचा रुंद तळ), मग कॉलम म्हणजे खांब, मग प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवर खांबांना जोडणारी आडवी तुळई) असे टप्पे पडायचेच. घात होतो तो सांध्यावर, म्हणजे आधीचं काँक्रीट आणि नंतरचं काँक्रीट जिथे जुळतं तिथे, आणि तो मी माझ्याच घरात पाहिला.

आमच्या प्लिंथ बीमच्या दिवशी ऐन संध्याकाळी मिक्सर बंद पडला. माल जिथे संपला तिथेच तो उतरता सोडून माणसं निघून गेली. सकाळी त्याच उतारावर नवा माल पडला. मध्ये माती होती, लाकडाचा भुसा होता, दुधाळ पापुद्रा होता. मी शेजारीच उभा होतो, पण मला काही कळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोत्याला बाहेरून तिरकी ओल दिसू लागली. गिलावा खरवडला तर बरोबर त्याच उताराची रेघ! पेचकसाचं टोक आत गेलं, सळई तांबूस झालेली.

तो पापुद्रा म्हणजे सिमेंटची साय. माल दाबला की पाणी आणि बारीक कण वर येऊन बसतात, त्यांत ताकद नसते. वरचा माल कितीही उत्तम असो, तो या सायीला चिकटतो, खालच्या काँक्रीटला नाही.

बहिणीच्या घराच्या वेळी मी हटूनच बसलो. काम कुठे थांबवायचं ते इंजिनिअरकडून आधीच ठरवून घेतलं: कॉलमला लागून नाही, दोन कॉलमांमधल्या गाळ्याच्या मधल्या भागात. तिथे उभी फळी लावली, म्हणजे सांधा सरळ राहिला. दुसऱ्या दिवशी फळी काढून खडी उघडी पडेपर्यंत टाचे मारले, तारेच्या ब्रशने घासलं, सळयांवर वाळलेला माल काढला. मग सांधा धुऊन ओला ठेवला, पण पाणी साचू दिलं नाही. एवढ्याला दोन माणसांची एक सकाळ गेली.

करारात काँक्रीटचा दर असतो, सांधा साफ करण्याचं काम कुठेच नसतं. म्हणून ते कुणाचंच नसतं. आपल्या घरबांधणीच्या पुरवणीत फरशी-रंगांवर भरपूर येतं. एकदा या सांध्यावर एखाद्या जाणत्या इंजिनिअरकडून, फोटोंसह, सविस्तर लिहून घ्यावं ही कळकळीची विनंती.

– आपला एक नियमित वाचक