सही करण्याआधी व्हेरिएबल नीट वाच

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

तुझं अकाउंट मॅनेजरचं, म्हणजे कंपनीचे क्लायंट सांभाळायचं, ऑफर लेटर वाचलं. वर्षाचे नऊ लाख भागिले बारा करून तू महिन्याला 75,000 धरलेस, पण तेवढे हातात येणार नाहीत. त्यातले 2,40,000 व्हेरिएबल आहेत, म्हणजे टार्गेट गाठलं तरच मिळणारे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 36,000, ग्रॅच्युइटी 14,430 आणि ग्रुप विम्याचा हप्ता 9,570, हेही त्याच नऊ लाखांत घातलंय. उरले सहा लाख फिक्स्ड, म्हणजे दरमहा 50,000. बेसिक 25,000 आहे; त्याच्या 12 टक्क्यांप्रमाणे तुझा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 कापला की खात्यात 46,800 पडतील. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300, म्हणून शंभर कमी. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर प्राप्तिकर बसत नाही. घरभाडं 46,800 धरूनच ठरव.

मला काळजी आहे ती व्हेरिएबलची. अकाउंट मॅनेजरची पगारावरची नाराजी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. आकडा लहान असतो म्हणून नव्हे, तर तो कसा ठरला हे कुणी धड सांगत नाही म्हणून. तिमाहीला 60,000, पण टार्गेटच्या 80 टक्क्यांखाली शून्य, असं तुझ्या पत्रात बारीक अक्षरात आहे. समजा, तुझ्या टार्गेटचा 40 टक्के भाग एकाच मोठ्या क्लायंटवर आहे आणि त्याचं रिन्यूअल 28 मार्चऐवजी 5 एप्रिलला झालं. बाकी सगळं वेळेत करूनही तू 60 टक्क्यांवर अडकलीस आणि तिमाही कोरडी गेली. असा क्लायंट अंगावर घेताना टार्गेट तिमाहीऐवजी सहामाही धरा, असं आत्ताच सांग. नंतर कुणी ऐकत नाही.

एचआरला मेल करून विचार: टार्गेटमध्ये आकडा बिल काढल्यावर धरतात की पैसे जमा झाल्यावर? क्लायंटने बिल थकवलं तर दिलेला इन्सेंटिव्ह परत कापतात का? वर्षाच्या मध्ये एखादं अकाउंट, म्हणजे क्लायंट, दुसऱ्याकडे दिलं तर टार्गेटही कमी होतं का? (अकाउंट जातं, टार्गेट तसंच राहतं, हे फार होतं.) शंभर टक्क्यांच्या वर दर वाढतो का? आणि पैसे देण्याच्या तारखेला नोटीस पीरियडमध्ये असलीस तर कमावलेलं मिळतं का? मार्चअखेर राजीनामा देऊन वर्षभराचं व्हेरिएबल घालवणारे कमी नाहीत.

पगारवाढीचे टक्के फिक्स्डवर की पूर्ण सीटीसीवर, म्हणजे सगळ्या नऊ लाखांवर, तेही त्यातच विचार. दहा टक्के म्हणजे फिक्स्डवर 60,000, सीटीसीवर 90,000.

फोनवर 'होऊन जाईल' म्हणाले तरी थांब. लेखी उत्तर आल्याशिवाय सही करू नकोस. आलं की मला पाठव, दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई