ह्यो पेपरवालीचो वाटो

तात्या, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय. ज्यांनी मला दारातून परत पाठवलं, त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून. मन कोतं आहे माझं, असू दे.

मालवणात पहिल्यांदा आले 2016 साली. राज्याने पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून करायच्या मासेमारीवर निर्बंध आणले होते आणि आमच्या पेपराला ‘प्रतिक्रिया’ हव्या होत्या. चार माणसं, चार वाक्यं, एक फोटो, संध्याकाळची गाडी. फोटोखाली छापून आलं ‘कोळी बांधव’. फोटोतले सगळे गाबीत, म्हणजे मासेमारी करणारा वेगळाच समाज. तुम्हीही होतात त्यात.

त्या एका ओळीची लाज वाटून मी मानवशास्त्र शिकायला गेले. तिथे सर म्हणाले, लिखाण फार पेपरी आहे. इकडे संपादक म्हणाले, बातमी फार प्राध्यापकी झालीय. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की 1915 ते 1918 दरम्यान दोन खेपांत मिळून दोनेक वर्षं न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोन रात्रींचा लॉजखर्चही नामंजूर केला.

मग स्वतःच्या पैशाने आले. वही काढून तुमच्या रापणीजवळ, किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याजवळ, उभी राहिले. तुम्ही म्हणालात, “वही ठेव थय. आधी दोरी धर, मगे इचार.”

होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला लागली होती. दोन्ही टोकांना माणसं. दोरी ओली, खरखरीत; पाय वाळूत रुततात, आणि वाटतं की आपण जाळं ओढत नसून समुद्रच आपल्याला ओढतोय. तळहाताला फोड आले. प्रश्न एकही विचारला नाही. पण कोण कोणाच्या मागे उभं राहतं, कोणी ओरडलं की सगळे थांबतात, हे दोरीनेच सांगितलं.

मग वाळूवर वाटे पडले. जाळेवाल्यांचे, ओढणाऱ्यांचे. शेवटी तुम्ही आणखी एक छोटा ढीग केलात. सहा बांगडे, मूठभर तारल्या. “ह्यो पेपरवालीचो वाटो.”

तात्या, मला मानधन मिळालंय, शाबासकी मिळालीय. वाटा कधीच मिळाला नव्हता. पाहुणी म्हणून दिला असतात तर मोठा पापलेट आला असता, एवढं मला तेव्हाही कळलं. मी ओढलं तेवढंच दिलंत. त्या फोटोबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. फक्त निघताना म्हणालात, “आमी गाबीत. ह्या खेपेक बरोबर लिव.”

गेल्या वर्षी लक्षद्वीपच्या मिनिकॉयला गेले होते. तिथे गळाने कुपा (ट्यूना) धरतात. तिथल्या बोलीचं नाव ‘महल’, मला एक शब्द येत नव्हता. वही पिशवीत ठेवली आणि होडीवरची भांडी घासायला बसले. तिसऱ्या दिवशी कोणीतरी आपणहून बोलायला लागलं.

लेखाची प्रत सोबत आहे. नातवाकडून वाचून घ्या. चुकलं असेल तिथे त्याला पेनाने खूण करायला सांगा. दर्या निवला की येते. फोड गेलेत, तेवढे परत आणायचेत.

तुमची,
पेपरवाली