औषधाच्या खिडकीतल्या भाऊंना

आदरणीय फार्मासिस्ट भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं आशाताईंकडून कळलं, तोवर तुम्ही चार्ज देऊन निघूनही गेला होतात. निरोप समारंभ काही झाला नाही. मागं मोठ्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं, फोटो निघाले, सरपंच बोलले. ते डॉक्टर चांगलेच होते, त्यांचा मान योग्यच होता. पण औषध देणाऱ्याचा सत्कार झालेला मी आमच्या भागात कधी बघितला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही. माण-खटावच्या शिवेवरच्या आमच्या चार-पाच गावांतली माणसं वाचतील, त्यांना बरोबर कळेल कोण ते.

मी दूध संकलन केंद्रावर फॅट काढून रजिस्टर लिहिणारी. पण तुम्ही मला ओळखता ते आत्यांची सून म्हणून. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या खिडकीशी सर्वांत जास्त भांडलेली बाई.

त्यांचं बीपी सापडलं ते शिबिरात, तुम्ही इथं यायच्या आधी. वरचा आकडा १८० च्या पुढं, आणि त्यांना मात्र काही म्हणजे काही होत नव्हतं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, भांगलायला बायकांच्या पुढं. "मला काय धाड भरलीया?" हा त्यांचा सवाल. मला वाटतं, बीपीच्या कुठल्याही सरकारी कार्यक्रमापुढचा खरा सवाल हाच आहे. जो रोग दुखत नाही त्यासाठी रोज गोळी खायची, तीही जन्मभर, हे भांगलणाऱ्या बाईला कुणी आणि कसं पटवायचं?

आधी तालुक्याच्या गावात खाजगी दवाखाना झाला. चिठ्ठीवर गोळ्यांची रांग. महिना-दोन महिने घेतल्या, बरं वाटतंय म्हणून सोडल्या, मग पुन्हा नवे डॉक्टर, नव्या कंपनीच्या नव्या गोळ्या. सरकारी केंद्रात जावं तर पाच-सात दिवसांच्या गोळ्या हातात पडायच्या आणि पुढच्या खेपेला "संपल्यात, सोमवारी या". सोमवारी जायचं म्हणजे एक रोजगार बुडाला. आता एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तेही नव्हतं. आणि तिकीट अर्धं झालं तरी रोजगार बुडतो तो पूर्णच. दोनदा रिकाम्या हातानं परत आलेलं माणूस तिसऱ्यांदा जात नाही. लोक म्हणतात, खेड्यातली माणसं अडाणी, औषध धड घेत नाहीत. मला विचाराल तर त्यातल्या निम्म्यांना औषधानंच दगा दिलेला असतो.

तुम्ही आलात आणि पहिल्याच महिन्यात आत्यांच्या हातात तीस गोळ्या ठेवल्यात. त्यांनी मोजल्या. घरी येऊन परत मोजल्या. "चुकून दिल्या वाटतं," म्हणाल्या.

चुकून नव्हत्या, हे तुम्हीच मला नंतर समजावलंत. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी केसपेपर घेऊन उभी होते आणि तुम्ही साठ्याचं रजिस्टर लिहीत होतात. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पाच राज्यांतले मोजके जिल्हे त्यात घेतले होते. महाराष्ट्रातून चार: भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा. हे मला माहीतच नव्हतं. साताऱ्याचं नाव दिल्लीपर्यंत जातं ते फौजींमुळं नाहीतर राजकारणामुळं, एवढंच आमचं ज्ञान. या उपक्रमात सगळ्यांना उपचाराची एकच ठरलेली पायरी असते. पहिली गोळी अमुक, तिनं भागलं नाही तर डोस वाढवा किंवा दुसरी जोडा, मग तिसरी. महिन्याचं औषध एका वेळी द्यायचं, आणि ते शक्य तितकं घराजवळ, म्हणजे उपकेंद्रावर मिळायला हवं. लक्ष्य साधं, बीपी १४०/९० च्या खाली.

मी म्हटलं, हे तर डॉक्टरांचं काम झालं, तुमचं त्यात काय? तुम्ही हसलात. म्हणालात, "प्रत्येक डॉक्टर आपापल्या आवडीची गोळी लिहायला लागला तर मी पंचवीस तऱ्हेच्या गोळ्या मागवू की काय? आणि कुठली किती? आता तीन-चारच गोळ्या. शंभर माणसं रोज एक घेतात, म्हणजे महिन्याला तीन हजार. तीन महिन्यांचा साठा हाताशी ठेवायचा, तो खाली यायच्या आत मागणी घालायची."

हे मला फार पटलं, कारण माझंही पोट हिशोबावर चालतं. कुठल्या घरातून किती लिटर येणार याचा अंदाज नसेल तर टँकर अर्धा रिकामा जातो नाहीतर दूध नासतं. तुमच्या गोळ्यांचंही तसंच. फरक इतकाच की नासलेल्या दुधाची बोंब त्याच दिवशी होते. संपलेल्या गोळीची बोंब होते दोन-चार वर्षांनी, कुणाच्या तरी अंगावरून वारं गेल्यावर. आणि तेव्हा कुणी म्हणत नाही की हे तेव्हा गोळ्या संपल्या होत्या म्हणून झालं. नशीब म्हणतात.

तुमचं ते रजिस्टर माझ्या डोळ्यांपुढं आहे. ऑनलाइन नोंदी तुम्ही करतच होतात, पण सोबत लांबलचक वहीसुद्धा होती. महिना उलटून गेला आणि माणूस आलं नाही की नावापुढं लाल टिंब. शुक्रवारी लाल टिंबांची यादी आशाताईंच्या हातात. मुदत संपत आलेली पाकिटं पुढं, नवी मागं. एखादी गोळी आपल्याकडं जास्त आणि शेजारच्या केंद्रात कमी असली की कागद करून तिकडं पाठवायची, तिकडची इकडं आणायची, आणि तेही बऱ्याचदा स्वतःच्या मोटारसायकलवर. हे काम कुठल्या बातमीत येत नाही. यायचं तरी काय? "गोळ्या संपल्या नाहीत" ही काही बातमी होत नाही.

मेंढपाळांचं तर मला विशेष सांगायचंय. दिवाळी झाली की आमच्या वाडीतली धनगर मंडळी मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ती पावसाळ्याच्या तोंडाला येतात. त्यांच्या नावापुढं लाल टिंबं मांडून उपयोग काय? तुम्ही डॉक्टरांशी बोलून त्यांना जायच्या आधी बोलावून घेतलंत, बीपी मोजून जास्त दिवसांचं औषध दिलंत आणि उपचाराचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलंत, म्हणजे वाटेवरच्या कुठल्याही सरकारी केंद्रात दाखवता येईल. वारीला निघणाऱ्यांना तसंच. मुंबईत माथाडीचं काम करणारा माझा दीर गणपतीला आला, तर त्यालाही बाकड्यावर बसवून बीपी मोजायला लावलंत. तो आता तिकडंच वाशीला औषध घेतो. आमच्या भागातला निम्मा माणूस वर्षातला निम्मा काळ गावाबाहेर असतो, हे धोरण लिहिणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. तुम्हाला ते कुणी सांगावं लागलं नाही.

आणि आत्यांचे पाय! गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले आणि त्यांचे घोटे सुजले. त्यांनी स्वतःच निकाल लावला, गोळी विषारी आहे, आणि ती बंद. लाल टिंब पडलं, आशाताई आल्या, मग मी त्यांना धरून तुमच्या खिडकीवर आणलं. दुसऱ्या कुणी "काही होत नाही, घ्या" म्हणून पाकीट सरकवलं असतं. तुम्ही खिडकीतून बाहेर आलात, पाय बघितलेत आणि सांगितलंत की अ‍ॅम्लोडिपिननं काही जणांचे पाय सुजतात, त्यांचं म्हणणं खरं आहे, डॉक्टरांना दाखवून बदलून घेऊ. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहून दिली, सूज उतरली. आत्यांना गोळी बदलल्यापेक्षा जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर सरकारी माणसानं "तुमचं खरं आहे" म्हटल्याचा. त्या दिवसापासून त्यांनी गोळी चुकवलेली नाही. मीठ कमी करा म्हणून तुम्ही सांगितलंत ते मात्र अर्धंच ऐकलंय. पापड-लोणचं गेलं, ठेचा आहे.

कोरोनात पहिली टाळेबंदी लागली तेव्हा मला वाटलं, आता हे सगळं कोलमडणार. एसटी बंद, केंद्रात जायची भीती. पण गोळ्याच आशाताईंच्या पिशवीतून दारात आल्या, पाकिटावर तुमच्या अक्षरात नाव आणि वेळ. पुढच्या वर्षी आपल्या जिल्ह्यात जे झालं, सिव्हिलला खाट मिळेना, ऑक्सिजनसाठी माणसं रात्र-रात्र फोन करत बसली, त्या दिवसांतही बीपीच्या गोळ्या चुकल्या नाहीत. त्या काळातलं सगळं लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही.

तुम्ही गेल्यावर मी जरा वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ सालची आकडेवारी सांगते की ३० ते ७९ वयाच्या जवळजवळ १२८ कोटी माणसांना उच्च रक्तदाब आहे, त्यातली दोन तृतीयांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. बीपी आटोक्यात आहे ते पाचातल्या एकाचं. गोळी महाग नाही, तिचा शोध लागायचाही राहिलेला नाही. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा शहरात जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा केला, त्यात अत्यावश्यक औषधांचा पुरवठा स्पष्ट लिहिलेला आहे. तमिळनाडूनं १९९४ साली औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं आणि दवाखान्यांना पासबुकं दिली, कुणी किती औषध उचललं ते त्यात दिसतं. म्हणजे उपाय माहीत आहे, बराच काळ माहीत आहे. तो शेवटच्या खिडकीपर्यंत पोचवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाची जागा भरलेली लागते. २०२२ साली आपल्या या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला वाचून आनंद झाला. तुम्हाला त्याचं साधं पत्र तरी आलं होतं का?

राग यायची गोष्ट अशी की तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. शेजारच्या केंद्राचे फार्मासिस्ट आठवड्यातून ठरावीक दिवशी येतात, बाकीच्या दिवशी सिस्टर औषध देतात. लसीकरण, बाळंतपणाच्या नोंदी, अंगणवाडीच्या भेटी, त्यात वर हे. त्या करतात, तक्रार करत नाहीत, पण लाल टिंबांची यादी या महिन्यात निघालेली नाही. ग्रामसभेत मी विषय काढला. सरपंच म्हणाले, औषधं तर मिळतायत की. मी त्यांना तुमचा तीन महिन्यांचा हिशोब सांगितला: तुम्ही ठेवून गेलेला साठा आहे म्हणून मिळतायत. जागा भरा असा ठराव झालाय, त्यावर बायकांच्याच सह्या जास्त आहेत. तो जिल्हा परिषदेला पोचवायला मी स्वतः साताऱ्याला जाणार आहे.

भाऊ, आत्यांचं बीपी परवा १३४/८२ आलं. तुम्ही विचारलं असतंत म्हणून कळवते. त्यांनी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, मीठ कमी घातलंय असं शपथेवर सांगतायत. नवा पत्ता कळवलात की पाठवते. आणि एक काम आहे. या वेळी टेल्मिसार्टन दुसऱ्या कंपनीची आली, पाकिटाचा आणि गोळीचा रंग वेगळा आहे. सिस्टरांनी सांगितलं, मी नाव वाचून दाखवलं, तीच गोळी आहे, तेवढ्याच ताकदीची. आत्या घेतायत, पण कुरकुरत. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. सवड होईल तेव्हा संध्याकाळी सातनंतर फोन करा, तोवर दुधाची वेळ आटोपलेली असते.

आपली,
डेअरीवरची ताई