नान्नजकडच्या दिव्यांना झाकण हवे

महोदय,
पावसाळ्यात दिव्यांवर झेपावणाऱ्या पतंगांना आपण आंधळे समजतो. प्रत्यक्षात किड्यांच्या डोळ्यातली पेशी प्रकाशाचा एकच कण, म्हणजे फोटॉनही टिपते. त्याने ऱ्होडॉप्सिन या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या द्रव्याच्या एका रेणूचा आकार पालटतो, पुढे रासायनिक साखळी चालते, आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे, मार्ग उघडतात आणि मोजता येण्याजोगा विद्युत झटका उमटतो.

अडचण अशी, की उष्णतेनेही रेणू आपोआप पालटतो आणि खोटा झटका येतो. टोळाच्या पेशीत अंधारात असे झटके तासाला साधारण दहाच. म्हणजे रेणू फारच स्थिर. शिवाय साखळीतली एंझाइमे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, अधूनमधून विनाकारण चालू होतात, ती खरखर वेगळीच. उबेत दोन्ही वाढतात. म्हणून निशाचर पतंगाचा मेंदू शेजारच्या अनेक पेशींचे संकेत एकत्र करतो, जास्त वेळ साठवतो. चित्र पुसट, संथ होते, पण दिसते. भीमाशंकरची निशाचर भुंगामाशी तर चांदण्यांच्या उजेडातही उडते!

एलईडीच्या झोतात हे जुळवलेले डोळे दिपतात, पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो. सोलापूरजवळच्या नान्नज माळरानालगतच्या दिव्यांना खाली वळवलेली झाकणे बसवावीत, पिवळसर बल्ब लावावेत, मध्यरात्रीनंतर ते मंद करावेत.

– एक वाचक, सोलापूर