विमानप्रवासानंतरच्या ‘सौम्य विश्रांती’ पॅकेजबाबत दुसरे तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीची व धोकादायक सेवा, आपले असमाधानकारक उत्तर आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्याकडच्या मसाजमध्ये आईच्या दुखऱ्या पोटरीवर कोपराने दाब दिल्याबद्दल मी तक्रार केली होती. त्या पहिल्या पत्राला आपल्या विभागाचे उत्तर मिळाले. ‘आपल्या मातोश्रींच्या तपासणीत काहीही आढळले नसल्याने सेवेत त्रुटी होती असे म्हणता येणार नाही’ हे त्यातले वाक्य वाचून पुन्हा लिहिणे भाग पडले. सोनोग्राफीत आईच्या पायात रक्ताची गुठळी निघाली नाही, हे आमचे नशीब. त्याचे श्रेय आपली कंपनी कसे काय घेते, ते मला कळलेले नाही.

आम्ही पैसे भरले ते पॅकेजच्या वर्णनावर विश्वास ठेवून. लांब पल्ल्याच्या विमानप्रवासानंतर हलक्या हाताने मसाज, कोमट पाण्याचे स्नान आणि मंद प्रकाशात विश्रांती, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आईचे वय आणि रात्रभराचा बसून झालेला प्रवास पाहता आम्हाला हवे होते तेवढेच होते ते.

प्रत्यक्षात सुरुवात झाली वाफेच्या खोलीपासून, जिचा वर्णनात उल्लेखही नाही. विमानाच्या केबिनमधली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते. तासन्‌तास तिथे बसून आलेल्या माणसाचा घसा आणि कातडी आधीच कोरडी पडलेली असते. त्याला आल्या आल्या घाम काढायला बसवायचे, ही कल्पना कोणाची? वाफेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. आई बाहेर आली ती भिंतीला धरून. पाणी मागितले तर ‘ट्रीटमेंट झाली की हर्बल चहा देतो’ असे सांगण्यात आले.

आता मूळ मुद्दा. मसाज सुरू होताना आईने सांगितले की डावी पोटरी प्रवासापासून दुखते आहे आणि उजवीपेक्षा जड वाटते आहे. मी शेजारच्याच टेबलावर होते, त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले आहे. ‘गाठ धरलीय, मोकळी करते,’ असे म्हणून त्याच पोटरीवर कोपराने दाब द्यायला सुरुवात झाली. आई कळवळली, तर उत्तर आले, ‘थोडं सहन करा.’ मी उठून थांबवले नसते, तर तो कोपर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणखी किती वेळा फिरला असता, देव जाणे.

चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यावर पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे. एकूणात ही शक्यता कमीच असते, हे मलाही मान्य आहे. पण प्रवास संपला म्हणून ती लगेच संपत नाही, काही आठवडे राहते. लांबच्या प्रवासानंतर दोन्ही पावले थोडी सुजली तर बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. एकच पोटरी दुखू लागली, सुजली किंवा गरम लागली, तर मात्र हात थांबवून डॉक्टरकडे पाठवायचे असते. कारण गुठळी असेल आणि ती दाबाने सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर जिवावर बेतते. विमानतळावरून थेट आलेल्या ग्राहकांसाठी खास पॅकेज काढणाऱ्या कंपनीला एवढे ठाऊक नसेल, तर ते पॅकेज विकू नये.

फॉर्म आमच्याकडूनही भरून घेतला होता. त्यात नाव, फोन नंबर आणि ‘काही झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही’ या वाक्याखाली सही. पाय दुखतो का, पूर्वी कधी गुठळी झाली आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, यातला एकही प्रश्न नव्हता. म्हणून मसाज करणाऱ्या ताईंवर खापर फोडून आपण मोकळे होऊ नये. त्यांना जे शिकवले तेच त्यांनी केले.

स्नानाच्या वेळी मदतीला असलेल्या मुलीबद्दल मात्र चांगलेच लिहायचे आहे. तिने आधी स्वतःच्या मनगटावर पाणी घेऊन पाहिले, आईला पाय बुडवून ‘चालेल का?’ विचारले आणि बाहेर येताना हात सोडला नाही. जाहिरातीतला सौम्यपणा आम्हाला भेटला तो तेवढाच. त्यानंतरची ‘विश्रांती’ पांढऱ्याफटक दिव्यांखाली आणि टीव्हीच्या आवाजात झाली.

जाहिरातीतले ‘एकाच सेशनमध्ये जेट लॅग गायब’ हे वाक्यही काढून टाका. जेट लॅग म्हणजे दूरच्या देशातून आल्यावर शरीराचे घड्याळ इथल्या वेळेशी न जुळणे. हे घड्याळ मेंदूत असते. ते मुख्यतः उजेड-अंधारावर चालते आणि नव्या वेळेशी जुळायला ढोबळमानाने तासाच्या फरकामागे एक दिवस घेते. तेलाने अंग हलके होईल, बरेही वाटेल, पण घड्याळ सरकत नाही.

आपण देऊ केलेले पुढील भेटीचे सवलत कूपन मला नको. पुढील भेट होणार नाही. दोघींच्या पॅकेजची पूर्ण रक्कम, तसेच डॉक्टर आणि सोनोग्राफीचा खर्च परत मिळावा. मसाजपूर्वी आरोग्याची चौकशी लेखी स्वरूपात कधीपासून सुरू करणार, तेही कळवावे. बिलांच्या आणि तपासणी अहवालाच्या प्रती पहिल्या पत्रासोबत पाठवल्या होत्या, पुन्हा जोडत आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास दोन्ही पत्रे आणि आपले ते उत्तर घेऊन मी ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
(बुकिंगचा तपशील सोबतच्या पावतीवर आहे.)